कपाटातल्या बाहुल्या आणि घरातली दोन मुलं: एक प्रकरण अभ्यास

हे प्रकरण खरं आहे. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून नावं गाळली आहेत आणि घरचे काही तपशील बदलले आहेत. मी जुन्या बाहुल्यांची दुरुस्ती करते. यातली एक बाहुली फुटल्यावर माझ्याकडे आली आणि पुढचे निर्णय होत असताना माझा सल्ला अधूनमधून घेतला गेला.

अशा वेळी लोक विचारतात, "मुलांना हात लावू द्यावा की नाही?" हा प्रश्न मला अपुरा वाटतो. बाहुली कशाची बनलेली आहे, आज तिची अवस्था काय आहे आणि 'हो' म्हणणाऱ्या माणसाने ते मनापासून म्हटलं आहे का, हे कळल्याशिवाय त्याचं उत्तर देता येत नाही. या घरात तिन्ही गोष्टी राहून गेल्या होत्या.

पार्श्वभूमी

मुलांची आत्या पन्नाशी ओलांडलेल्या. गेली वीसेक वर्षं जुन्या बाहुल्या जमवतात. काचेच्या दोन कपाटांत चाळीसेक बाहुल्या आहेत. काहींची डोकी बिस्कची, म्हणजे चकाकीचा लेप न दिलेल्या भाजलेल्या चिनीमातीची. काही कॉम्पोझिशनच्या: लाकडाचा भुसा आणि सरस यांचा लगदा साच्यात दाबून, वर रंग दिलेल्या. तीन सेल्युलॉइडच्या, म्हणजे सुरुवातीच्या काळातल्या पातळ प्लास्टिकच्या. बाकीच्या १९५० आणि १९६०च्या दशकांतल्या, कडक प्लास्टिकच्या आणि व्हिनाइल या मऊ प्लास्टिकच्या. थोड्या कापडी.

धाकट्या भावाच्या घराचं काम निघालं, म्हणून तो, वहिनी आणि दोन मुलं काही महिन्यांसाठी आत्यांकडे राहायला आली. थोरली नऊ वर्षांची, धाकटा पाच वर्षांचा. मुलांची झोपायची सोय नेमकी कपाटांच्या खोलीत झाली, कारण रिकामी खोली तीच होती. रोज डोळे उघडले की मुलांसमोर काचेपलीकडच्या चाळीस बाहुल्या.

पहिले दोन आठवडे आत्यांनी एकच नियम ठेवला: हात लावायचा नाही. मुलांनी तो पाळलाही. पण काचेवर बोटांचे ठसे वाढत गेले आणि थोरलीचे प्रश्नही. "आत्या, हिचे डोळे खरंच मिटतात का?" "आत्या, हिच्या पोटात काय आहे?" आत्या उत्तरं द्यायच्या, पण कपाट उघडत नव्हत्या.

अडचण

एका संध्याकाळी घरात पाहुणे होते. बाहुल्यांचा विषय निघाला. थोरली पुन्हा डोळ्यांबद्दल विचारू लागली तेव्हा भाऊ सगळ्यांसमोर म्हणाला, "ताई, दे ना तिला जरा. बाहुलीच तर आहे." पाहुणे हसले. आत्यांनी कपाट उघडलं आणि तिने विचारलं होतं तीच बाहुली तिच्या मांडीवर दिली. बिस्कचं डोकं, कॉम्पोझिशनचं सांधेदार अंग, काचेचे मिटणारे डोळे. संग्रहातली आत्यांची सर्वांत लाडकी.

मुलगी सोफ्याच्या कडेला बसली होती. तिने बाहुली हळूच आडवी केली, डोळे मिटले, ती हरखली. मग बाहुलीला बसवावं म्हणून तिने पाय पुढे ओढला. आत काहीतरी तुटल्याचा आवाज झाला, पाय सैल लोंबला आणि डोकं सुटून फरशीवर गेलं.

वहिनींनी मुलीला तिथेच रागावलं आणि पाहुण्यांसमोर माफी मागायला लावली. आत्या काही बोलल्या नाहीत. रात्री त्यांनी कपाटांना कुलूप घातलं आणि काचांवर आतून कापड लावलं. दुसऱ्या दिवसापासून थोरली त्या खोलीत फक्त झोपण्यापुरती जाऊ लागली.

दुरुस्तीच्या टेबलावर काय दिसलं

बाहुली माझ्याकडे आली ती दोन पिशव्यांत. या प्रकारच्या बाहुलीची रचना माहीत असल्याशिवाय घडलेलं नीट कळत नाही. डोकं अंगाला चिकटवलेलं नसतं. मानेचा गोल भाग धडाच्या वरच्या वाटीत नुसता टेकलेला असतो. मानेतल्या आकड्याला इलॅस्टिकचा वेढा अडकवतात, तो पोकळ धडातून खाली जातो आणि त्यावरच दोन्ही पाय ताणून धरलेले असतात. हात वेगळ्या इलॅस्टिकवर. म्हणजे पाय ओढला की ताण थेट मानेला. आणि ते इलॅस्टिक तुटलं की पाय आणि डोकं एकदमच सुटतात.

धडातून निघालेलं इलॅस्टिक पिवळं, कडक झालं होतं. बोटाने दाबलं तर आतल्या रबराचा चुरा होत होता. त्यात ताण उरलाच नव्हता. आत्यांनी स्वतः बाहुली कपाटातून काढून तिचा झगा सारखा केला असता, तरी ते तुटू शकलं असतं.

डोक्याचं नुकसान मात्र खरं होतं. मानेच्या कडेला छोटा टवका उडाला होता. तो जोडल्यावर आत झाकला जातो. केसांचा टोप काढून, त्याखालची टाळूची चकती बाजूला करून मी डोक्यात विजेरी धरली. अंधाऱ्या खोलीत बिस्कमधून उजेड झिरपतो आणि बाहेरून न दिसणारी भेग काळ्या रेघेसारखी उमटते. तशी एक केसाएवढी भेग मानेपासून कानामागे गेलेली होती. चेहऱ्यापर्यंत ती पोचलेली नव्हती. संग्राहकांच्या बाजारात एवढ्या भेगेनेही किंमत बरीच उतरते, हे आत्यांना ठाऊक होतं. त्यांनी किमतीबद्दल एक शब्द विचारला नाही. "पुढे वाढेल का?" एवढंच विचारलं.

भेगेत काही भरू नये, वर रंगही लावू नये असं मी सुचवलं. घरातला झटपट चिकटणारा गोंद तर अशा वेळी शत्रूच, कारण तो काढताना बिस्कचा पृष्ठभाग खराब होण्याची भीती असते. कधी जोडायची वेळ आलीच तर चिनीमातीसाठी संवर्धक, म्हणजे जुन्या वस्तू जतन करणारे तज्ज्ञ, वापरतात तो पॅरालॉइड बी-७२ नावाचा गोंद चालतो. तो ॲसिटोनने पुन्हा विरघळवता येतो. इथे त्याचीही गरज नव्हती. नवं इलॅस्टिक घातलं, ताण बेताचा ठेवला, कारण फार घट्ट ओवल्यासही मानेच्या कडेवर जोर येतो.

पहिला निर्णय: मुलीला सांगायचं का?

इलॅस्टिक आधीच मेलेलं होतं हे कळल्यावर आत्या घुटमळल्या. सांगितलं तर मुलगी पुढे बेफिकीर होईल, आणि वहिनींनी सर्वांसमोर दिलेली समज खोटी ठरेल, असं त्यांना वाटत होतं. सांगायलाच हवं, यावर मी ठाम होते. नऊ वर्षांच्या मुलीने न केलेल्या चुकीचं ओझं वाहत राहावं, हे मला पटण्यासारखं नव्हतं.

आत्यांनी तुटलेलं इलॅस्टिक घरी नेलं आणि थोरलीच्या हातावर ठेवलं. तिने ते दाबून पाहिलं, चुरा झाला. "म्हणजे मी नाही तोडलं?" "पाय ओढायला नको होता, हे खरं. पण हे इतकं जुनं झालंय हे मलाच ठाऊक नव्हतं. तपासायचं काम माझं होतं." त्यानंतर मुलीने विचारलं, "बाकीच्यांच्या पोटातलं पण असंच झालंय का?" पुढचं सगळं या प्रश्नातून सुरू झालं.

विचारात घेतलेले पर्याय

कपाटं कायमची कुलूपबंद ठेवणं सर्वांत सोपं होतं. संग्रह आत्यांचा, नकार देण्याचा हक्कही त्यांचाच, आणि त्यांनी तेच ठरवलं असतं तरी मी त्यांना चूक म्हटलं नसतं. पण मुलं त्याच खोलीत झोपत होती. दिवसरात्र समोर असलेली, कापडाने झाकलेली, बोलायचीही चोरी असलेली वस्तू मुलांच्या मनातून जात नाही.

भावाने सुचवलं, मुलांना नवीन बाहुल्या आणून देऊ. वहिनींनाही ते बरं वाटलं. मला त्यात दोष दिसला तो असा, की थोरलीला खेळायला बाहुली नकोच होती. तिला जुनी वस्तू कशी चालते ते बघायचं होतं. धाकट्याला खेळायला हवं होतं, त्याच्यापुरता हा उपाय ठीक.

संग्रह दुसरीकडे हलवावा, असाही विचार झाला. तो आत्यांनी स्वतःच मोडीत काढला. पॅकिंग आणि ने-आण यांत दोन मुलांपेक्षा जास्त धोका आहे, हे त्यांचं म्हणणं बरोबर होतं.

"मी समोर असताना काहीही हातात घेऊ दे" हा पर्याय आत्यांनी मांडला, बहुधा आदल्या कठोरपणाची भरपाई म्हणून. त्याला मी विरोध केला. देखरेख ही पडणारी वस्तू झेलू शकत नाही. त्या संध्याकाळीही सहा मोठी माणसं तिथे होतीच.

शेवटी उरलं ते वर्गवारीचं काम: कोणती बाहुली हातात देता येते, कोणती आत्यांच्या हातात असताना बघता येते आणि कोणती कपाटाबाहेर काढायचीच नाही.

काय केलं

वर्गवारी किमतीवर न करता द्रव्यावर आणि अवस्थेवर केली. आत्यांच्या मनात क्रम वेगळा होता. त्यांना स्वस्तातल्या सेल्युलॉइडच्या बाहुल्या मुलांना द्यायला चालल्या असत्या. नेमक्या त्याच सगळ्यांत मागे ठेवाव्या लागल्या. सेल्युलॉइड म्हणजे नायट्रोसेल्युलोज आणि कापूर. बोटाने जरा चोळलं तर कापराचा वास येतो. पत्रा अंड्याच्या टरफलासारखा पातळ, दाबला की खड्डा पडतो आणि तो परत वर येत नाही. शिवाय झटकन पेट घेतो. या बाहुल्या उष्णतेपासून आणि ज्योतीपासून दूर, पण हवा खेळती राहील अशा जागी हव्यात. मुलांना आत्यांनी त्या लांबून दाखवल्या, कारणही सांगितलं, आणि मुलांनी ते बिनतक्रार मान्य केलं. कारण सांगितलं की मुलं किती पटकन ऐकतात, हे या घरात पुन:पुन्हा दिसलं.

कॉम्पोझिशनच्या बाहुल्यांना ओलावा सोसत नाही. दमटपणा कमीजास्त झाला की भुशाचं अंग फुगतं-आक्रसतं, वरच्या रंगाला बारीक भेगांचं जाळं पडतं आणि पापुद्रे निघतात. घामेजल्या हातांनी तर त्या धरूच नयेत. मला जास्त काळजी होती ती वेगळीच: जुन्या रंगांत शिसं असू शकतं, आणि पाच वर्षांच्या मुलाची बोटं तोंडात जातातच. म्हणून पापुद्रे सुटलेली एकही बाहुली धाकट्याच्या हातात द्यायची नाही, हा नियम बाहुलीसाठी नव्हे, त्याच्यासाठी केला.

बिस्कच्या बाहुल्या "बघायच्या" गटात गेल्या. डोळे कसे मिटतात हे आत्या स्वतः दाखवणार, एका बैठकीत एकदाच. काचेचे दोन डोळे तारेने जोडलेले असतात, तारेला शिशाचं वजन असतं आणि सगळी जोडणी डोक्यात प्लास्टरच्या आधारावर झुलते. जुनं प्लास्टर सुटलं की डोळे डोक्यात पडतात आणि पडताना बिस्कही फुटू शकतं. हे चित्र काढून समजावल्यावर "पुन्हा दाखव" हा हट्ट थोरलीने आपणहून सोडला.

हातात देण्याजोग्या उरल्या कडक प्लास्टिकच्या, व्हिनाइलच्या आणि दोन धडधाकट कापडी, मिळून नऊ. त्यांची ओवणी, म्हणजे अंग जोडून धरणारं आतलं इलॅस्टिक, जिथे होती तिथे मी आधी तपासली. दोघींची बदलली.

मग धरण्याची पद्धत. "सांभाळून" हा शब्द आत्यांनी वापरायचा नाही, असा मी आग्रह धरला. त्यातून हाताने काय करायचं ते मुलाला कळत नाही. त्याऐवजी नेमकं सांगायचं: हात धुऊन कोरडे करायचे. अंगठी, बांगडी, घड्याळ काढायचं. जमिनीवर बसायचं, खाली दुमडलेली जाड चादर. एक हात कमरेखाली, दुसरा डोक्यामागे. हात, पाय किंवा केस धरून उचलायचं नाही. एका वेळी एकच बाहुली. बाहुली एकमेकांना हातोहात द्यायची नाही. आधी चादरीवर ठेवायची, मग दुसऱ्याने उचलायची. या शेवटच्या नियमाला मी सर्वांत जास्त मानते, कारण पडण्याचे बरेच प्रसंग देण्याघेण्याच्या क्षणी घडतात. सुती हातमोजे आत्यांनी आणून ठेवले होते. ते बाजूला ठेवायला लावले. गुळगुळीत वस्तू त्यांतून निसटते, आणि मुलांच्या बोटांना तर ते मोठेच होतात.

दोन अवघड क्षण

मोठ्या माणसांनी गृहीत धरलं होतं की थोरलीला सोडता येईल, धाकट्यावर डोळा ठेवावा लागेल. झालं उलट. धाकटा चादरीवर बसला की बाहुली दोन्ही हातांत धरून स्वस्थ बघत राहायचा. थोरलीचं डोकं हातांच्या पुढे धावायचं. उलटून खूण शोध, बूट काढून बघ, असं एकाच वेळी. आत्यांनी तिला रागावण्याऐवजी काम दिलं: संग्रहाची नोंदवही. बाहुली आत्या धरतील, थोरली बघून लिहील.

तिथे ती खुलली. बिस्कच्या डोक्यांवर टोपाखाली, मानेच्या मागे, खुणा कोरलेल्या असतात. एकीवर तिला ३९० आकडा, आर्मांड मार्सेल या जर्मन कारखान्याची आद्याक्षरं आणि जर्मनी असं इंग्रजीत लिहिलेलं सापडलं. आयात मालावर मूळ देशाचं नाव इंग्रजीत हवं, असा अमेरिकेचा नियम १८९१पासून लागू झाला. त्यामुळे अशी खूण असलेली बाहुली बहुधा त्यानंतरची. थोरलीने हे वहीत लिहिलं आणि घरातल्या प्रत्येकाला ऐकवलं. एका व्हिनाइल बाहुलीच्या कानांभोवती हिरवट डाग तिनेच पाहिले. कानातल्या धातूच्या कुड्यांमुळे पडलेले. आत्यांच्या ते लक्षात आलेलं नव्हतं. कुड्या त्याच दिवशी काढल्या.

दुसरा क्षण केस विंचरण्याचा. दोन्ही मुलांना विंचरायचं होतं, आणि कपडेही बदलायचे होते. मोहेरचा, म्हणजे अंगोरा बकरीच्या केसांचा, जुना टोप विंचरला की केस मुळापासून गळतात आणि पुन्हा येत नाहीत. कपड्यांची गोष्ट त्याहून नाजूक: जुन्या रेशमाला वजन यावं म्हणून कथिलाच्या क्षारांत बुडवत. ते रेशीम नुसत्या घडीवरही चिरतं. जुन्या टाचण्या गंजलेल्या असतात, त्या मुलांच्या बोटांत जातात. आत्यांचा जीव मुलांचे चेहरे बघून वितळत होता. तरी त्यांनी नाही म्हटलं, आणि या वेळी कुणाच्या हसण्याला भ्यायल्या नाहीत. माझ्या मते या संपूर्ण प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा 'नाही' हाच. त्याच बैठकीत त्यांनी कडक प्लास्टिकची एक बाहुली, जी संग्रहात दुहेरी होती, मुलांना देऊन टाकली. "ही आता तुमची. विंचरा, कपडे शिवा. मोडली तरी मी विचारणार नाही." दिल्यावर त्यांनी खरंच विचारलं नाही.

निष्पत्ती

पुढच्या महिन्यांत संग्रहातलं काही तुटलं नाही. एका व्हिनाइल बाहुलीच्या पायावर शाईचा ठिपका पडला, नोंदवहीच्या पेनाचा. व्हिनाइल डाग आत शोषून घेतं, तो निघणार नाही. तेव्हापासून वहीसाठी शिसपेन्सिल.

एकदा नात्यातलं दोन वर्षांचं मूल घरी आलं आणि त्याच्या आईने तोच जुना आग्रह केला. आत्यांनी साफ नकार दिला. बाहुल्यांचे बूट, मणी, बटणं तीन वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकण्याजोगी असतात, हे सांगितल्यावरही बाई थोड्या रुसल्याच. वहिनींनी मात्र या वेळी नणंदेची बाजू घेतली: "ताई, तुम्ही उघडूच नका कपाट."

सगळंच जुळून आलं असं नाही. पाहुण्यांसमोर मागायला लावलेल्या माफीबद्दल वहिनी मुलीशी अजून बोललेल्या नाहीत, आणि मुलगी तो प्रसंग विसरलेली नाही. भावाला अजूनही हे सारं जरा अतीच वाटतं. आणि ती बाहुली दुरुस्त होऊन आल्यापासून आत्यांनी ती स्वतःही हातात घेतलेली नाही. भेग लगेच वाढेल अशी स्थिती नाही, हे मी सांगून पाहिलं.

काय वेगळं करता आलं असतं

मुलांची झोपायची जागा दुसरीकडे करून आत्यांनी स्वतः त्या खोलीत झोपायला हवं होतं. गैरसोय झाली असती, पण पहिल्या दोन आठवड्यांतला ताण बराचसा टळला असता.

पाहुण्यांसमोर 'हो' म्हणण्याची वेळ येण्याआधी, मुलं आली त्याच आठवड्यात, आत्यांनी आपण होऊन एक बैठक ठरवायला हवी होती. तेव्हा बाहुली त्यांनी निवडली असती. जमावाच्या आग्रहाखाली निवडलेली बाहुली नेहमी सर्वांत देखणी आणि सर्वांत नाजूक असते.

भावाशी एकांतात बोलणंही राहून गेलं. "बाहुलीच तर आहे" हे वाक्य मुलांनी ऐकलं की काचेवरचा नियम त्यांच्या लेखी संपतो.

फुटल्यानंतरचा पहिला अर्धा तास वेगळा जायला हवा होता. मुलीला खोलीबाहेर नेऊन शांत करणं, तुकडे, बारीक चुरासुद्धा, एका डब्यात गोळा करणं, काहीही चिकटवायला न जाणं. तुकड्यांच्या बाबतीत आत्यांनी हे नीट केलं. मुलीच्या बाबतीत कुणीच केलं नाही.

आणि ओवणी. ज्यांच्या घरी अशा बाहुल्या आहेत त्यांनी ती मुलं येण्याआधी तपासावी, अंथरुणावर बसून. धड एका हातात घट्ट धरायचं, दुसऱ्या हाताने डोकं आधार देत जेमतेम वर उचलायचं, ओढायचं नाही. सोडल्यावर ते आपोआप वाटीत परत बसलं तर इलॅस्टिकमध्ये जीव आहे. लुळं राहिलं, हातपाय लोंबत असले किंवा उचलताना करकर जाणवली, तर डोकं आणि धड मऊ कापडात वेगवेगळा आधार देऊन गुंडाळावं आणि दुरुस्तीला द्यावं. मिटणाऱ्या डोळ्यांची बाहुली असेल तर ती पालथी ठेवावी, नाकाला टेकू लागणार नाही अशा बेताने, म्हणजे डोळ्यांचं वजन डोक्यात मागे पडत नाही.